तीन ऋतूंच्या तीन पॅन्ट आणि एकच कापड

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, फोंड्यात भाड्याच्या एका सभागृहात तीन दिवसांचा कपड्यांचा सेल लागला होता. तेथील विक्रेत्याने माझ्या डोळ्यांदेखत एका पॅन्टच्या मांडीवर बाटलीतले पाणी ओतले आणि ते अळवाच्या पानावरून ओघळावे तसे खाली गेले. आतून हात लावून पाहिला, तर कापड कोरडे होते. तेवढे पाहून मी तीन ‘हंटिंग पॅन्ट’साठी 6,600 रुपये मोजले आणि पुढे त्याच माणसाला आणखी 900 रुपये दिले. पावसाळ्याच्या तोंडावर अशा खरेदीला निघणाऱ्यांनी माझ्यासारखे फसू नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात शिक्षक आहे आणि सुट्टीच्या दिवशी पक्षी पाहायला रानात जातो. शिकारीशी माझा काहीही संबंध नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वन्य प्राण्यांची शिकार हा गुन्हाच आहे. तरीही ‘हंटिंग पॅन्ट’ या नावाने विकली जाणारी विजार आपल्याकडे पक्षीनिरीक्षक, छायाचित्रकार, ट्रेकर आणि काही बागायतदारही घेतात. परदेशात ती ज्या गरजांसाठी शिवली जाते त्या आमच्याही असतात: काट्याकुट्यांत न फाटणारे कापड, चालताना सळसळ न करणारा पृष्ठभाग, गुडघ्यावर दुहेरी थर आणि ओल्या जमिनीवर तासभर निश्चल बसता येण्याची सोय.

विक्रेत्याकडे तीन प्रकार होते. हिरवी पावसाळ्याची, ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’ आणि तरीही हवा खेळती ठेवणारी. खाकी उन्हाळ्याची, तिच्या लेबलावर 70 टक्के सुती असे छापलेले. करडी थंडीची, तिच्यावर ‘उणे 10 अंश’ असा आकडा आणि खाली एका परदेशाचा झेंडा. छापील किंमत प्रत्येकी 5,999 रुपये, सेलमध्ये 2,400, आणि तिन्ही एकदम घेतल्यास 6,600. “सर, हा एक्स्पोर्टचा उरलेला माल आहे, पुन्हा येणार नाही,” असे तो म्हणाला. पावती हाताने लिहिलेली होती. तिच्यावर दुकानाचे नाव आणि मोबाईल क्रमांक होता, पत्ता नव्हता, जीएसटी क्रमांकही नव्हता. हे मला त्याच वेळी खटकायला हवे होते.

तिन्ही पॅन्ट मला दोन इंच लांब होत होत्या, म्हणून वाळपईच्या आमच्या नेहमीच्या शिंपीकाकांकडून त्या आखूड करून घेतल्या.

जुलैत हिरवी पॅन्ट घालून चोर्ला घाटाच्या बाजूला गेलो. पहिली वीस मिनिटे पाणी ओघळत राहिले. नंतर बेडूक पाहण्यासाठी मी गुडघे टेकून बसलो आणि उठलो, तेव्हा दोन्ही गुडघे आणि बूड चिंब झाले होते. तासाभरात मांड्यांच्या शिवणीतून आत आलेले पाणी बुटांपर्यंत पोचले. बाटलीच्या प्रयोगातली मेख मला पुढे समजली. कापडाच्या वरच्या बाजूला पाणी झटकणारा लेप दिला, की साधे कापडसुद्धा काही मिनिटे थेंब अंगावर टिकू देत नाही. खरे जलरोधक कापड मात्र दाबाखाली तपासले जाते: त्यावर किती मिलिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केल्यावर ते झिरपू लागते, हे मोजतात, आणि चांगल्या पावसाळी कपड्यांवर हा आकडा 10,000 किंवा त्याहून अधिक असतो. गुडघा टेकला किंवा ओल्या दगडावर बसले, की शरीराच्या वजनाचा दाब पाण्यावर येतो आणि केवळ लेपावर अवलंबून असलेले कापड तेथेच हार मानते. शिवाय सुईने पाडलेली प्रत्येक शिवण म्हणजे भोकांची रांग असते, म्हणून तिच्यावर आतून पट्टी चिकटवलेली असावी लागते. माझ्या पॅन्टला ती नव्हती. विक्रेत्याने पाणी मांडीच्या सपाट भागावर ओतले होते, शिवणीवर नव्हे.

मी फोन केला. त्याने अत्यंत नम्रपणे विचारले, “सर, साबणाने धुतली होती का?” मी होय म्हणालो. मग चूक माझीच आहे, पण ओळखीमुळे तो मला वरच्या दर्जाची पॅन्ट देईल, केवळ फरकाचे 900 रुपये पाठवून जुनी पॅन्ट कुरिअर करावी, असे त्याने सांगितले. साबणाच्या मुद्द्यात थोडे तथ्य होते, कारण साबणाचा थर राहिला तर किंवा कपडे मऊ करणारे द्रावण वापरले तर असा लेप खरोखरच निकामी होतो. त्या अर्धसत्यामुळेच मी विश्वास ठेवला. पैसे पाठवले, पॅन्ट पाठवली. दुसरी पॅन्ट आली नाही आणि पंधरा दिवसांनी फोन लागेनासा झाला.

इतके होऊनही मी उरलेल्या दोन पॅन्टवर संशय घेतला नाही.

नोव्हेंबरात आम्ही चौघे उत्तराखंडात चोपत्याला मोनाल पक्षी पाहायला गेलो. पहाटे चारला तुंगनाथाची वाट चढू लागलो. मंदिर सुमारे 3,680 मीटरवर आहे आणि त्या दिवसांत पहाटे तेथे पारा शून्याखाली असतो. चढताना मला चक्क घाम आला, म्हणून पॅन्ट उत्तम आहे असे वाटले. वर पोचून पक्ष्यांची वाट पाहत खडकाआड बसलो आणि दहा मिनिटांत पाय बधिर होऊ लागले. आतला फोमचा पातळ थर घामाने भिजला होता, बसल्यावर दबून चपटा झाला होता आणि बाहेरच्या कापडातून वारा सरळ आत येत होता. ऊब देतो तो थरात अडकलेला हवेचा साठा. तो दबला किंवा त्याच्या जागी पाणी आले, की ऊब संपते, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते. खाली परतल्यावर आम्ही उतरलो होतो त्या घरातल्या आजोबांनी मला स्वतःची जाड लोकरी विजार दिली. आमच्याकडचे धनगर धो धो पावसात घोंगडीवर का विसंबतात, ते मला त्या संध्याकाळी अंगावर कळले: लोकर ओलसर झाली तरी ऊब पूर्णपणे सोडत नाही.

या ठिकाणी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. ‘उणे 10’ हा आकडा चालणाऱ्या माणसासाठी आहे की बसलेल्या, याचा उल्लेख नसेल तर त्याला काही अर्थ नाही. चढ चढणारे शरीर भरपूर उष्णता निर्माण करते, तर दबा धरून बसलेले फारच थोडी. परदेशातले शिकारी म्हणूनच एकाच तापमानासाठी दोन वेगळ्या विजारी ठेवतात किंवा थरांवर थर घालतात: आत घाम टिपून दूर नेणारा पातळ थर, मध्ये ऊब धरणारा, बाहेर वारा अडवणारा. थांबल्यावर घालायचा थर पाठीवरच्या पिशवीत कोरडा ठेवलेला असतो. एकच पॅन्ट सर्व हवामानांत चालेल असे जो विक्रेता म्हणतो, त्याने स्वतः थंडीत तासभर बसून पाहिलेले नसते.

मार्च महिन्यात उन्हाळी पॅन्ट घालून मी सत्तरीतल्याच रानात गेलो. ती खरोखर हवेशीर होती, कारण गुडघ्यांमागे जाळी लावलेली होती आणि घोट्याशी घेर मोकळा होता. घरी येऊन अंघोळ करताना गुडघ्यामागे चार गोचिडी आढळल्या, तिळापेक्षाही लहान. सत्तरीबाहेरच्या वाचकांना यातली भीती कदाचित जाणवणार नाही. 1957 मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात प्रथम सापडलेला माकडताप गोचिडीच्या चावण्यातून पसरतो, कोरड्या महिन्यांत त्याचा जोर असतो, आणि 2015 मध्ये आमच्या तालुक्यातल्या पाली गावात त्याचा उद्रेक झाला होता. चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत ताप येतो. ते आठ दिवस आई रोज सकाळ-संध्याकाळ माझ्या कपाळावर हात ठेवून पाहत होती. ताप आला नाही. आपल्याकडच्या उन्हाळी रानासाठी पॅन्ट पातळ असावी, पण वीण घट्ट असावी, रंग फिकट असावा म्हणजे चढणारी गोचीड दिसते, आणि घोटा दोरीने आवळता किंवा मोज्यात खोचता यावा. हवा खेळण्यासाठी लावलेली जाळी येथे धोक्याची आहे.

जाळीच्या जागी कापड लावून घेण्यासाठी मी पॅन्ट शिंपीकाकांकडे नेली. त्यांनी ती पालथी केली, बोटांत चोळली आणि काही न बोलता कातरणांचा पत्र्याचा डबा खाली घेतला. मी मे महिन्यात आखूड करून घेतलेल्या तिन्ही पॅन्टच्या दोन-दोन इंचांच्या पट्ट्या त्यांनी ठिगळांसाठी जपून ठेवल्या होत्या. हिरवी, खाकी आणि करडी अशा तिन्ही पट्ट्या त्यांनी खिडकीच्या उजेडात एकमेकींशेजारी धरल्या. वीण तीच, जाडी तीच. करड्या पट्टीच्या मागे फोम डकवलेला होता. तो नखाने सोलल्यावर तीही इतर दोघींसारखीच निघाली. मग त्यांनी खाकी पट्टीतला एक धागा ओढून काडीच्या ज्योतीला लावला. तो जळण्याऐवजी आकसला, काळा धूर सोडत वितळला आणि टोकाला मोहरीएवढा कडक काळा मणी उरला. “सुती असता तर कागद जळल्यासारखा वास आला असता रे बाबा, आणि राख बोटांत विरघळली असती. हे निव्वळ पॉलिएस्टर आहे. तुला तिन्ही मोसमांसाठी एकच कापड रंगवून दिले आहे.”

ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली. विक्रेत्याचा पत्ताच नसल्याने पुढे काही हाती लागले नाही. नंतर पाठवलेल्या 900 रुपयांसाठी 1930 या सायबर क्रमांकावर त्याच दिवशी फोन केला असता, तर ती रक्कम गोठवता येण्याची थोडी तरी शक्यता होती. मी आठ महिने घालवले होते. कायद्याप्रमाणे लेबलावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव आणि पत्ता, छापील किंमत व तक्रारीसाठी संपर्क असावा लागतो, आणि आयात मालावर तो कोणत्या देशातला आहे हेही लिहावे लागते. झेंड्याचे चित्र म्हणजे आयातदाराचा पत्ता नव्हे.

आता पावसाळ्यात मी जलरोधक पॅन्ट घालतच नाही. आमच्याकडे जुलैत हवा इतकी दमट असते की पाणी अडवून वाफ बाहेर सोडणारा उत्तम पडदा असलेल्या कापडातूनही घामाची वाफ फारशी बाहेर पडत नाही, कारण ती बाहेर जाण्यासाठी आतली हवा बाहेरच्याहून अधिक दमट असावी लागते. माणूस बाहेरून भिजला नाही तरी आतून भिजतो. त्यापेक्षा पातळ, घट्ट विणीची, अर्ध्या तासात वाळणारी नायलॉनची पॅन्ट, जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे कापडी मोजे आणि बसण्यासाठी रबरी चटईचा तुकडा, एवढे मला पुरते. वॉटरप्रूफ पॅन्ट थंड प्रदेशातल्या पावसासाठी राखून ठेवावी.

या मे महिन्यात म्हापशात तसाच सेल लागल्याचे कळले, म्हणून मुद्दाम गेलो. विक्रेता वेगळा होता. हिरव्या, खाकी आणि करड्या पॅन्टची चळत मात्र ओळखीची होती. एका तरुण जोडप्यासमोर तो मांडीवर पाणी ओतत होता. मी त्याला म्हणालो, “भाऊ, हेच पाणी गुडघ्याच्या शिवणीवर ओता आणि अंगठ्याने पाच मिनिटे दाबून धरा.” त्याने माझ्याकडे पाहिले, बाटलीला झाकण लावले आणि ती टेबलाखाली ठेवून दिली.