खराडीचा फ्लॅट: आधी एजन्सीकडे, आता स्वतःकडे

माझा भाड्याने दिलेला फ्लॅट सांभाळणाऱ्या एजन्सीच्या अ‍ॅपवर बाथरूमच्या गळतीची तक्रार 'क्लोज्ड' दिसत होती, आणि त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताचे पोपडे पडायला लागले होते. मला हे एजन्सीकडून कळलं नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी नोटीस पाठवली तेव्हा कळलं. हा सगळा अनुभव लिहायचं कारण तेच.

फ्लॅट पुण्यात खराडीला, टू बीएचके. मी सांगलीत. भाडं २८,००० रुपये, डिपॉझिट एक लाख. लांब राहणाऱ्याने एजन्सी घ्यावी असं सगळेच सांगतात, मलाही ते पटलं होतं. सुरुवातीला एक महिन्याचं भाडं, नंतर दरमहा भाड्याच्या ८ टक्के, आणि दोन्हींवर १८ टक्के जीएसटी, असा त्यांचा दर.

सुरुवातीचं काम त्यांनी खरंच चांगलं केलं. भाडेकरू मिळवून दिले ते अकोल्याकडचं एक तरुण जोडपं, अतिशय व्यवस्थित माणसं. लिव्ह अँड लायसन्स कराराच्या वेळी त्यांचा माणूस अंगठ्याचं मशीन घेऊन सांगलीला माझ्या घरी आला, तिकडे भाडेकरूंचे ठसे त्यांनी पुण्यात घेतले. पोलिसांकडची भाडेकरूची नोंदही लगेच झाली. पहिले काही महिने भाडं पाच तारखेच्या आत जमा व्हायचं. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी पाचपैकी पाच तारे दिले असते.

मग पावसाळ्याच्या तोंडावर भाडेकरूंनी बाथरूमची तक्रार टाकली. एजन्सीचा प्लंबर आला, टाइल्सच्या सांध्यांत व्हाइट सिमेंट भरलं, फोटो काढला, तक्रार बंद. मला १,८०० रुपयांचं बिल, भाड्यातूनच वजा. पुन्हा ओल आली, पुन्हा व्हाइट सिमेंट, पुन्हा बिल. दर तीन महिन्यांच्या पाहणी अहवालात बाथरूमपुढे 'सुस्थितीत' असं लिहिलेलं. एजन्सी भाडेकरूंना माझा नंबर देत नाही आणि मला त्यांच्याशी थेट बोलू नका असं सांगते, त्यामुळे मला खरी परिस्थिती कळायला मार्गच नव्हता. शेवटी करारासोबतच्या कागदांतून नंबर शोधून मीच फोन केला.

"काका, आम्ही तर कधीपासून सांगतोय. त्यांचा माणूस येतो, सिमेंट लावतो, जातो. अ‍ॅपवर आम्हाला पुन्हा उघडताच येत नाही ती तक्रार."

मी पुण्याला गेलो. सोसायटीच्या सुपरवायझरने ओळखीचे एक प्लंबर दादा आणले. त्यांनी टाइल्सना हातही लावला नाही. नहाणी ट्रॅपचं, म्हणजे फरशीतलं पाणी जिथून खाली जातं त्या भांड्याचं, तोंड कापडाने घट्ट बंद केलं, बाथरूममध्ये पाणी साठवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या घरी जाऊन छत बघितलं. ट्रॅप बंद असताना छत कोरडं. ट्रॅप उघडून बादलीभर पाणी सोडल्यावर थोड्याच वेळात थेंब. दोष ट्रॅपच्या खालच्या जोडात होता. टाइल्सच्या सांध्यांत जन्मभर सिमेंट भरलं असतं तरी ते पाणी थांबलं नसतं. ट्रॅप काढून नवा बसवला, भोवतीचं वॉटरप्रूफिंग केलं, त्यावर टाइल्स. ९,५०० रुपये मजुरी-सामानासकट. काकूंच्या छताचं प्लास्टर आणि रंगाचा खर्च वेगळा दिला, कारण फ्लॅटच्या आतल्या बाथरूमची गळती सभासदानेच निस्तरायची असते, आणि त्यांचा काहीच दोष नव्हता.

मला याचाच सर्वाधिक राग आहे. प्लंबर चुकू शकतो. पण एकच तक्रार पुन्हा पुन्हा येत असताना ती 'क्लोज्ड' करणारा माणूस ऑफिसात बसून काय बघतो? तक्रार किती वेळात बंद झाली हे एजन्सी मोजते. ओल गेली का, हे विचारायला खालच्या घराची बेलसुद्धा कुणी वाजवली नव्हती.

आता पैशांचं बघू. ११ महिन्यांत भाडं ३,०८,००० रुपये. सुरुवातीचं शुल्क जीएसटीसह ३३,०४०. दरमहा २,६४३, म्हणजे ११ महिन्यांचे २९,०७३. मिळून ६२,००० रुपयांच्या वर, भाड्याचा पाचवा हिस्सा. त्यात दुरुस्तीची बिलं धरलेली नाहीत. आयकरात हे शुल्क वजा मिळत नाही. घरभाड्याच्या उत्पन्नातून भरलेला महापालिकेचा मिळकतकर वजा होतो, उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, कर्ज असेल तर त्याच्या व्याजाचा वेगळा हिशोब. एजन्सीला दिलेला रुपया त्यात बसत नाही. म्हणजे जे पैसे माझ्या हातात आलेच नाहीत त्यांवरही मीच कर भरला.

एक महिन्याची नोटीस देऊन काम काढून घेतलं. तर एजन्सी म्हणाली, त्याच भाडेकरूंसोबत करार पुढे चालवत असाल तर अर्ध्या महिन्याचं भाडं नूतनीकरण शुल्क म्हणून द्या, आणि शेवटच्या महिन्याच्या भाड्यातून कापूनही घेतलं. आमच्या करारात असं कलम नव्हतं. घर भाड्याने लावून देणारे एजंट महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या, कक्षेत येत नाहीत, तो कायदा विक्री-खरेदीच्या एजंटांसाठी आहे. म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, कराराची प्रत लावून तक्रार केली. पैसे परत आले. हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं, म्हणून मुद्दाम सांगतो: तक्रार करा, फुकट असते.

नवा करार मीच केला. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, तेही एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वार्षिक १० टक्के धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर. माझं आठशे रुपयांच्या आत आलं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००, हाताळणी शुल्क आणि घरी येणाऱ्या माणसाचे पैसे वेगळे. नोंदणी टाळायचा विचारही करू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ती घरमालकाची जबाबदारी आहे, आणि लेखी नोंदणीकृत करार नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं.

स्वतः कारभार बघण्याचा आणखी एक फायदा सोसायटीच्या बिलात सापडला. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते) म्हणून महिन्याला ५०० रुपये लागत होते आणि एजन्सी ते बिनबोभाट भरत होती. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे हे शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. आमचं सेवा शुल्क १,९००, म्हणजे १९० रुपये. कमिटीला आदेश दाखवला, पुढच्या बिलात दुरुस्ती झाली. वीजबिल महावितरणच्या अ‍ॅपवर ग्राहक क्रमांक टाकून मलाच दिसतं, त्यासाठी मधल्या माणसाची गरज नाही.

इथपर्यंतचं लिहून ठेवलं तेव्हा एजन्सी, ब्रोकर कुणीच नको या मताचा मी होतो. त्यानंतर त्या जोडप्याची हैदराबादला बदली झाली आणि मत थोडं बदलावं लागलं. सांगलीत बसून भाडेकरू शोधणं फार अवघड गेलं. पोर्टलवर जाहिरात टाकली की निम्मे फोन ब्रोकरांचेच. खरा इच्छुक रविवारी सकाळी येतो म्हणतो, मी चावी वॉचमनकडे ठेवतो, आणि तो दुपारी शेजारच्या इमारतीत टोकन देऊन मोकळा होतो. फ्लॅट महिनाभर रिकामा राहिला, म्हणजे २८,००० गेले. शेवटी सोसायटीच्या गेटसमोर दुकान असलेल्या ब्रोकरला सांगितलं. ते स्वतः चावी घेऊन वर जायचे, घर दाखवायचे, संध्याकाळी मला फोन करायचे. पंधरा दिवसांचं भाडं घेतलं आणि आठवड्याभरात चांगलं कुटुंब आणलं. ते पैसे देताना मला जराही जड वाटलं नाही.

म्हणून माझ्यापुरतं ठरलंय ते असं: भाडेकरू शोधायला जागेवरचा ब्रोकर, त्याला एकदाच पैसे. बाकी सगळं स्वतः. नव्या भाडेकरूंकडे माझा नंबर आहे, प्लंबर दादांचा आहे, खालच्या काकूंचाही आहे. गीझरसाठी एकदा रात्री साडेनऊला फोन आला. सकाळी इलेक्ट्रिशियन गेला, एलिमेंटवर खडूसारखा थर होता, टँकरच्या पाण्याने तो होतोच. जुना एलिमेंट आणि नवा, दोन्हींचे फोटो मला भाडेकरूंनीच पाठवले. बिल पक्कं, थेट माझ्या नावाने.

परदेशात राहणाऱ्यांना हे सगळं जमेलच असं नाही. त्यांच्या भाडेकरूला तर दरमहाच्या भाड्यावर टीडीएस कापावा लागतो, देशात राहणाऱ्या मालकांसाठीची महिना ५०,००० रुपयांची मर्यादा तिथे लागू नाही, त्यामुळे कागदपत्रं सांभाळणारं कुणीतरी लागतंच. अशांनी एजन्सी जरूर घ्यावी, पण सही करण्याआधी करारात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. भाडेकरूचा नंबर मालकाकडे राहील. दुरुस्तीची तक्रार भाडेकरूने होकार दिल्याशिवाय बंद होणार नाही. आणि गळतीचं काम असेल तर खालच्या घरातला फोटो लावल्याशिवाय बिलाचे पैसे मिळणार नाहीत. एजन्सी तिसऱ्या अटीला नाही म्हणाली, तर दुसरी एजन्सी शोधा.