ग्रिम, नॉर्स, अनान्सी की कोयोटी: रूपांतरासाठी कोणती कथा घ्याल?

नाटक करायचं असो, चित्रपुस्तक असो नाहीतर गेम, दुसऱ्या संस्कृतीतली कथा घ्यायची म्हटलं की बहुतेक जण आधी बघतात कथा किती जुनी आहे, कॉपीराइट लागतो का. मी आधी बघते की ती कथा आजही कोणी आपली म्हणून सांगतंय का, आणि सांगत असतील तर त्यांना "नको" म्हणायची संधी मिळणार आहे का.

या हिशोबाने ग्रिम बंधूंच्या जर्मन कथा सगळ्यात मोकळ्या. पहिला खंड १८१२ चा, आणि पुढे १८५७ पर्यंत ते स्वतःच त्यात बदल करत राहिले. स्नो व्हाइटच्या जिवावर उठलेली बाई पहिल्या आवृत्तीत तिची सख्खी आई होती, १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. म्हणजे तुम्ही शेवट बदललात तरी कोणाच्या श्रद्धेला धक्का लागत नाही.

नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या, कथाही बऱ्यापैकी मोकळ्या वाटतात. ओडिन, थोर, लोकी यांच्याबद्दल आपल्याला जे माहितीये त्यातलं बरंचसं १३ व्या शतकात आइसलँडमधल्या स्नोरी स्टुर्लुसोनने लिहून ठेवलं, आणि तो स्वतः ख्रिश्चन होता. पण या देवांना मानणारा एक पंथ आइसलँडमध्ये पुन्हा उभा राहिलाय, १९७३ मध्ये त्याला सरकारी मान्यताही मिळाली. शिवाय तिथल्या जुन्या रून लिपीची काही चिन्हं नाझींनी वापरली होती, त्यामुळे पोस्टरवर नुसतं छान दिसतंय म्हणून कुठलंही चिन्ह टाकू नका, आधी शोधून बघा.

अनान्सी मला सगळ्यात आवडतो. घानातल्या अकान लोकांच्या गोष्टींतला हा आठ पायांचा कोळी, गुलाम करून जहाजातून नेलेल्या माणसांबरोबर कॅरिबियन बेटांवर पोचला. घानातल्या एका प्रसिद्ध गोष्टीत तो आकाशदेव न्यामेकडून जगातल्या सगळ्या कथा मिळवतो, आणि जमैकात तोच कोळी, दुबळ्याने बलवानाला डोक्याने कसं हरवावं याची आठवण बनून राहिलाय, त्यामुळे नुसतं "आफ्रिकन कथा" असं लिहून दोन्ही एकत्र ढवळायचं नाही, एक कुठलातरी अनान्सी निवडायचा आणि तिथल्याच लोकांनी सांगितलेल्या गोष्टी वाचायच्या, ऐकायच्या. आणि घानाच्या २००५ च्या कॉपीराइट कायद्यात लोककथांचे हक्क जनतेच्या वतीने राष्ट्राध्यक्षांकडे ठेवलेत, म्हणजे "लोककथा आहे, कोणीही वापरा" हे तिथे गृहीत धरता येत नाही.

आता कोयोटी. अमेरिकेतल्या नवाहो या आदिवासी लोकांमध्ये कोयोटीच्या, म्हणजे लांडग्यासारख्या एका प्राण्याच्या, गोष्टी फक्त हिवाळ्यात सांगतात. नाटक असेल तर प्रयोग हिवाळ्यात लावता येतील, पण व्हिडिओ एकदा नेटवर टाकला की तो बाराही महिने चालणार, मग तो नियम पाळणार कसा? याचं उत्तर आपण घरी बसून ठरवू शकत नाही, ते नवाहो लोकांनाच विचारावं लागेल. छापील पुस्तकात गोष्ट सापडली म्हणजे परवानगी मिळाली असंही नाही. १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियात पित्जन्त्जत्जारा या आदिवासी लोकांनी एका मानववंशशास्त्रज्ञाच्या पुस्तकाची नॉर्दर्न टेरिटरीतली विक्री कोर्टातून थांबवली होती, कारण विश्वासाने सांगितलेली गुप्त माहिती त्यात छापली होती.

अर्थात अशा कथा घेताच येत नाहीत असं अजिबात नाही. अलास्कातल्या इन्युपियाट लोकांच्या कथेवरचा 'नेव्हर अलोन' हा २०१४ चा गेम तिथल्याच कुक इनलेट ट्रायबल कौन्सिलच्या भागीदारीत बनला, आणि ज्या कथेवर तो आधारलाय ती सांगणाऱ्याच्या मुलीची परवानगी टीमने घेतली. समाजातली माणसं सुरुवातीपासूनच सोबत होती, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

तर हाताशी वेळ कमी असेल आणि विचारायला कोणी ओळखीचं नसेल तर ग्रिम घ्या. वाचायला, लोकांशी बोलायला सवड असेल तर माझं मत अनान्सीला. कोयोटी फक्त तेव्हाच, जेव्हा विचारायला खरंच कोणी आहे आणि मिळणाऱ्या पैशात आणि श्रेयात त्यांचा वाटा द्यायची तुमची तयारी आहे. पत्र पाठवून उत्तरच आलं नाही, तर मी ते "नको" असंच धरते आणि दुसरी कथा शोधते.