डिक्शनरी अ‍ॅप रिव्ह्यू: 'स्ट्राइक'च्या परीक्षेत काठावर पास

कुठलीही इंग्रजी-मराठी डिक्शनरी हातात आली की मी आधी स्ट्राइक शोधतो, बाकीचे शब्द नंतर. "मारणे, ठोकणे, प्रहार करणे" एवढं लिहून जी मोकळी होते ती फार कामाची नाही हे तिथेच कळतं. या फ्री अ‍ॅपनेही पहिल्या ओळीत तेच लिहिलंय, पण खाली स्क्रोल केलं तर बरंच काही सापडतं.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे वाक्यं दिलीत. घड्याळ स्ट्राइक झालं की टोले पडतात, काडी स्ट्राइक केली म्हणजे ओढली, डील स्ट्राइक झाली म्हणजे सौदा ठरला, ऑइल स्ट्राइक झालं म्हणजे तेल लागलं, आयडिया स्ट्राइक झाली म्हणजे सुचली... आता बघा, यात कोणीच कोणाला मारत नाहीये! आणि गंमत अशी की जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थच मुळी हलकेच हात फिरवणं, पुढे सरकणं असा होता, स्ट्रोक आणि स्ट्रीक हे त्याचेच भाऊबंद, मारामारी नंतर आली. हे अ‍ॅपमध्ये उगमाखाली दोन ओळींत आहे, बारीक अक्षरात का असेना.

संपाला मात्र नुसतं "संप" लिहून सोडून दिलंय. अरे, 1768 साली लंडनच्या बंदरात खलाशांनी जहाजांची शिडं उतरवून जहाजं अडकवून ठेवली, शिड उतरवणं म्हणजेही स्ट्राइकच, आणि संपासाठी हा शब्द तिथून रुळला. एवढं एका ओळीत बसलं असतं की.

खेळांचा भाग तर पार फसलाय, सगळीकडे "फटका". क्रिकेटमध्ये बॅट्समनचा स्ट्राइक रेट म्हणजे 100 बॉलमागे रन, तो जास्त हवा, आणि बॉलरचा म्हणजे एका विकेटमागे किती बॉल लागले, तो कमी हवा. बेसबॉलमध्ये बॅट फिरवली आणि बॉल हुकला तरी स्ट्राइक, म्हणजे फटका न बसल्याबद्दल! बॉल घरंगळवून पिना पाडायच्या बोलिंगच्या खेळात पहिल्याच बॉलला 10 च्या 10 पिना पाडल्या तर स्ट्राइक. यातलं काहीच "फटका" वाचून कळणार नाही, परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांचा गोंधळच व्हायचा.

भूतकाळाला स्ट्रक दिलंय ते बरोबर. स्ट्रिकन कुठे वापरायचं ते नाही, दुःखाने, गरिबीने ग्रासलेल्या माणसाबद्दल ते येतं. आणि "त्याला विजेने मारले" हे वाक्य ज्याने कोणी टाकलंय त्याने कृपया बदलावं, आपल्याकडे वीज पडते.

उच्चार ऐकायची सोय चांगली आहे, नेटशिवाय चालतं, जाहिराती मात्र मधेच फुल स्क्रीन येतात. पाचपैकी तीन स्टार, खेळांचं नीट केलं तर चौथा देईन.