नमुन्यांची लेबलं : भिजवून की इस्त्रीनं?

मेन रोडवरच्या ओळखीच्या दुकानदारानं पडद्यांच्या कापडाची जुनी सॅम्पल बुकं टाकायला काढली, ती मी पिशव्या, गोधडी शिवायला घरी आणली. प्रत्येक तुकड्याच्या पाठीला कागदी लेबल घट्ट चिकटवलेलं, ते काढायचे मार्ग दोन.

पहिला मार्ग बादलीचा. कोमट पाणी, थोडा लिक्विड साबण, अर्धा तास. कागदाचा लगदा होऊन सुटतो आणि पाणी चहासारखं होतं, इतकी धूळ निघते. सुती तुकडा आटायचा तो इथेच आटतो. शिवलेली पिशवी नंतर आक्रसत नाही. मात्र झिगझॅग कातरलेली कड आधी कापू नका, दोरे सुटतात. मरून रंगाचे तुकडे वेगळे भिजवा. माझे सहा क्रीम चौकोन गुलाबी झाले, आता ते गोधडीच्या आतल्या थरात.

इस्त्री झटपट. लेबलावर फडकं ठेवून शेकायचं, गोंद मऊ झाला की गरम असतानाच कागद ओढायचा. पण धूळ तशीच राहते, पॉलिस्टर चकाकतं, मखमलीची लव दबते. उजेड अडवायला पाठीला थर दिलेल्या ब्लॅकआउट कापडाला तर इस्त्री दाखवूच नका.

माझं मत बादलीला. येवल्याच्या पैठणीचा उरलेला काठ तेवढा कोरडाच ठेवते.