मंत्रालय फॉलोअप आणि अधिवेशन ट्रॅकिंगची लायझनिंग सर्व्हिस: पाचपैकी अडीच स्टार

फर्मचं नाव टाकत नाहीये, काम लायझनिंगचं, म्हणजे फी घेऊन मंत्रालयात आणि विधिमंडळात तुमच्या मागणीचा पाठपुरावा करायचं. बेलापूर-वाशीत असल्या फर्म बऱ्याच झाल्यात आणि सगळ्यांची माहितीपत्रकं शेजारी शेजारी ठेवली तर फोन नंबर सोडून फरक दिसणार नाही, त्यामुळे बोर्ड कुणाचा ते सोडा, सर्व्हिस कशी मिळते ते वाचा. दोन पार्टनर, त्यातले एक मंत्रालयातून रिटायर झालेले, दुसरा वकिली शिकलेला तरुण मुलगा, आणि पळापळ करायला दोन-तीन पोरं. आम्ही म्हणजे नेरूळ-कोपरखैरणे बाजूच्या सोसायट्यांचं फेडरेशन, मी खजिनदार, चेकवर सही माझी असते म्हणून रिव्ह्यू पण माझ्याच गळ्यात आलाय.

काम एकच होतं. 500 स्क्वेअर फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करा. मुंबईत हे जानेवारी 2022 मध्ये जाहीर झालं, म्हणजे ऐरोली पुलाच्या पलीकडे मुलुंडला तेवढ्याच घराला माफी आणि अलीकडे आमच्या सिडकोच्या एलआयजी (कमी उत्पन्न गटाच्या) घरांना कराचं बिल. लोक विचारतात पालिका स्वतःच का नाही करत. तर मुंबई महापालिकेचा कायदा वेगळा, 1888 चा, आणि ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली सगळ्या 1949 च्या कायद्याखाली येतात. पालिकेला अशी माफी एकटीने देता येत नाही, गाडी शेवटी नगरविकास विभागात जाऊन थांबते. वर त्याच कायद्यात कलम 451 आहे, त्याखाली सरकार महासभेचा, म्हणजे नगरसेवकांच्या सभेचा, ठराव निलंबित करू शकतं, विखंडित म्हणजे रद्दही करू शकतं. मुंबईचंही एका झटक्यात झालेलं नाही बरं का, 2019 ला आधी मालमत्ता करातला फक्त सर्वसाधारण कर माफ झाला होता, बाकीचे भाग तसेच राहिले, त्यावर गोंधळ झाला आणि मग 2022. त्यामुळे सरकारच्या मागे लागणारं कुणीतरी पाहिजे हे आमच्या मीटिंगमध्ये सगळ्यांनाच पटलं.

रेट असा होता: महिन्याला 30,000 रिटेनर, अधिवेशन असेल त्या महिन्यात जास्तीचे, आणि काम झालं तर "सक्सेस फी". ही शेवटची ओळ मी पहिल्याच दिवशी पेनाने खोडली. कर माफ करायचा की नाही हा सरकारचा धोरणाचा निर्णय, त्यात सक्सेस फी कुणाला आणि कशाची? पार्टनर हसले, म्हणाले मॅडम नसेल पटत तर राहू द्या. इतक्या सहज सोडली म्हणजे ठेवली कशाला होती हे अजून कळलेलं नाही.

आता चांगलं आधी सांगते कारण चांगलं खरंच होतं. ट्रॅकिंग एक नंबर. अधिवेशन चालू झालं की रोज सकाळी व्हॉट्सॲपवर त्या दिवसाची कामकाजपत्रिका, त्यात नगरविकासचे कुठले तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) आहेत, लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी आमदाराची सूचना, कुणाची लागलीय, सगळं पिवळ्या खुणा करून. आणि ड्राफ्टिंग. आमच्या अध्यक्षांनी, सगळे त्यांना काका म्हणतात, आमदारांना द्यायला दोन पानी पत्र लिहिलेलं, त्यात अन्याय हा शब्दच सात-आठ वेळा. त्या वकील मुलाने ते बाजूला ठेवलं आणि अर्ध्या पानात प्रश्न बसवला, विधिमंडळाला लागतो तसा, "हे खरे आहे काय, असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत". काकांना जरा लागलं, पण म्हणाले पोरगं हुशार आहे. उत्तरं कशी वाचायची तेही त्यानेच शिकवलं. "अंशतः खरे आहे" आलं तर त्यातला कुठला अंश ते शोधा, पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न तिथून निघतो, आणि "प्रश्न उद्भवत नाही" आलं तर आपलाच प्रश्न सैल लिहिला गेलाय. हे ज्ञान मला कुठल्या सोसायटीच्या ट्रेनिंगमध्ये मिळालं नव्हतं, त्यासाठी एक स्टार वेगळा.

मंत्रालयातला फॉलोअप ठीक. फाइल कुठल्या डेस्कला आहे, कक्ष अधिकाऱ्यांकडे की अवर सचिवांकडे, हे सांगायचे आणि ते बरोबर निघायचं. पण फाइल कुठे आहे हे कळणं वेगळं आणि ती का थांबलीय हे कळणं वेगळं. ते कारण आम्हाला फर्मने सांगितलंच नाही, एकदा काका आणि मी स्वतः गेलो तेव्हा तिथल्या एका मॅडमनी दोन मिनिटांत सांगितलं. माफी मागता ठीक आहे, पण पालिकेची तूट कोण भरणार ते तुमच्या निवेदनात कुठेच नाही.

मुद्दा बिनतोड होता. नवी मुंबईत पूर्वी शहरात येणाऱ्या मालावर उपकर होता, मग त्याच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, 2017 ला जीएसटी आला तसं तेही गेलं आणि आता त्याच्या बदल्यात सरकारकडून नुकसानभरपाईचा हप्ता येतो. म्हणजे पालिकेच्या स्वतःच्या हातात उरलेलं मोठं उत्पन्न मालमत्ता कराचं, आणि आम्ही तेच कमी करा म्हणत होतो. पालिकेची बाजू आणि आमची बाजू इथे एक नाहीच. रिटेनर घेणाऱ्या माणसाने पहिल्या मीटिंगला हे टेबलावर ठेवायला हवं होतं, त्याऐवजी "मुंबईला दिलं तर तुम्हाला का नाही" एवढंच चालू होतं, ते तर आम्ही फुकटात पण बोलत होतो.

माझी एक मावसबहीण टेक्सासमध्ये एका छोट्या शहराच्या सिटी हॉलमध्ये अकाउंट्सला आहे. तिला हे सगळं सांगितलं तर म्हणाली आमच्याकडे उलटं आहे गं, शहर स्वतःच लॉबिस्ट ठेवतं. म्हणजे नगरपालिका तिच्या बजेटमधून माणूस नेमते आणि तो ऑस्टिनला राज्याच्या विधिमंडळात शहराची बाजू मांडतो. तिथलं नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, विषम वर्षी, जास्तीत जास्त 140 दिवस, तेवढ्यात विधेयक मंजूर व्हायचं राहिलं की दोन वर्षं बसा. 2019 ला राज्याने कायदा केला की शहरांना मालमत्ता कराचं उत्पन्न एका वर्षात साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर वाढवायचं असेल तर लोकांचं मतदान घ्या, आधी ती मर्यादा आठ टक्के होती. शहरांनी जोरात विरोध केला. मग कर भरणारे म्हणायला लागले आमच्याच पैशाने माणूस ठेवून आमचाच कर वाढता ठेवता होय? त्याच वर्षी शहरांनी सरकारी पैशातून लॉबिस्ट ठेवू नयेत असं विधेयक तिथल्या सिनेटमध्ये पास झालं पण खालच्या सभागृहात पडलं, आणि नंतरही ते पुन्हा पुन्हा येतंय.

मला दोन्ही बाजू पटतात. पण एक गोष्ट तिथली इथे हवीच हवी. तिथे लॉबिस्टला राज्याच्या एथिक्स कमिशनकडे नोंदणी करावी लागते, गिऱ्हाईक कोण, साधारण किती पैशात, हे कुणीही बघू शकतो. कॅलिफोर्नियात तर दर तीन महिन्यांनी खर्च दाखवावा लागतो, शहर असो नाहीतर कंपनी. आपल्याकडे लॉबिंगचा कायदाच नाही त्यामुळे रजिस्टरही नाही, आणि हे आम्हाला चांगलंच महागात पडलं. कसं ते सांगते.

हिवाळी अधिवेशनाला नागपूरला गेलो. थंडी, हॉटेलचे रेट डबल, मॉरिस कॉलेज टी पॉइंटला मोर्चे अडवलेले, रिक्षा नाही. लक्षवेधी लागली नाही, त्याबद्दल तक्रार नाही, सूचना ढिगाने येतात आणि लागतात थोड्या. पण आमदार निवासाबाहेर आमचे पार्टनर साहेब दुसऱ्या एका ग्रुपसोबत दिसले. ते होते पुनर्विकासवाले, आमच्याच नोडमधले (सिडकोने वसवलेल्या आमच्याच भागातले), त्यांची मागणी वेगळी आणि एका बाबतीत आमच्या सोसायट्यांच्या सरळ विरोधात. त्यांचंही रिटेनर यांच्याकडेच! विचारलं तर म्हणाले मॅडम, विषय वेगळा आहे, डेस्क पण वेगळा आहे. लग्नात दोन्हीकडून एकच भटजी चालतो, दोन्हीकडून एकच वकील चालत नाही एवढंच काका त्यांना म्हणाले आणि चहा न घेता निघाले. रजिस्टर असतं तर हे सही करायच्या आधी दिसलं असतं.

आता जरा विषयाबाहेरचं, पण मला हे सगळ्यात जास्त खटकतं. ज्या कामासाठी आम्ही दर फ्लॅटमागे वर्गणी काढली ते काम करायला राज्यघटनेनेच माणसं दिलेली आहेत. विधान परिषदेच्या 78 जागांपैकी 22 स्थानिक स्वराज्य संस्थांच्या, मत देणार नगरसेवक आणि जिल्हा परिषद, नगरपालिकांचे सदस्य. म्हणजे महापालिकांचा स्वतःचा माणूस वरच्या सभागृहात, पगार सरकारी. ठाण्याच्या त्या जागेवरून वसंत डावखरे किती वर्षं होते, उपसभापती पण झाले, 2016 ला रवींद्र फाटकांनी त्यांना हरवलं, आणि 2022 ला मुदत संपल्यावर जागा रिकामी पडली. का, तर मत द्यायला नगरसेवकच नव्हते. नवी मुंबईत मे 2020 पासून प्रशासक होता, ठाण्यात 2022 पासून, जानेवारी 2026 मध्ये निवडणुका होईपर्यंत. नगरसेवक नव्हते म्हणून महासभा नव्हती, महासभा नव्हती म्हणून ठराव नव्हता, आणि ठराव नसेल तर मंत्रालयात विचारतात पालिकेचं म्हणणं काय. या पोकळीतच असल्या फर्मचं दुकान चांगलं चाललं, हे त्यांचे पार्टनरच एकदा जेवताना बोलून गेले. आणि ज्या एलआयजीच्या बैठ्या घरांसाठीही आम्ही भांडत होतो तिथल्या लोकांकडे फेडरेशन पण नाही आणि 30,000 पण नाहीत, त्यांचं कोण बोलणार?

तर स्टार असे: ट्रॅकिंग आणि ड्राफ्टिंगला पूर्ण मार्क, फॉलोअपला निम्मे, सल्ला म्हणून जे मिळालं त्याला जवळपास शून्य, आणि दोन डगरींवर पाय ठेवण्यासाठी मायनस. कर माफ झाला का? नाही, पण त्याचे स्टार मी कापलेले नाहीत, ते त्यांच्या हातात नव्हतंच.

तुम्ही घेताय तर मंथली रिटेनर घेऊ नका, फक्त अधिवेशनापुरतं घ्या. कामकाजपत्रिका आणि प्रश्नांच्या याद्या विधानमंडळाच्या वेबसाइटवर फुकट असतात, कुणीतरी रिटायर्ड सभासद सकाळी चहाबरोबर बघू शकतो, आमच्याकडे आता काकाच बघतात आणि पिवळी खूण पण करतात. निवेदनात पैशाची तूट कशी भरून निघेल याचा एक परिच्छेद टाकाच, नाहीतर मंत्रालयातलं पहिलंच टेबल ओलांडणार नाही. आणि फर्मला काम देण्याच्या लेटरवर सही करायच्या आधी त्यांच्या सध्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांची यादी लेखी मागा, देत नसतील तर उठून या. आम्ही आता नवीन लेटरमध्ये तो क्लॉज घातलाय, त्या वकील मुलाकडूनच ड्राफ्ट करून घेतला, तो तिथली नोकरी सोडून स्वतःचं करतोय. ज्यांना कॉपी हवीय त्यांनी रविवारी सकाळी अकराच्या आत फेडरेशनच्या ऑफिसात या, झेरॉक्सचे पैसे तुमचे.