२५ डॉलर गाडीला, माणशी नव्हे

जानेवारी २०२४. कंबोडियातल्या सिएम रीपमध्ये अंगकोर बघून झालं आणि प्रेआह विहेअरचा हट्ट मी धरला. थायलंडच्या सीमेला लागून, डांगरेक डोंगराच्या कड्यावर, पाचशे मीटरहून उंच जागी असलेलं शंकराचं देऊळ. दोन देशांचं त्यावरून भांडण, १९६२ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कंबोडियाच्या बाजूने निकाल दिला. बहीण आणि मेहुणेही तयार झाले.

हॉटेलच्या गल्लीतल्या एका टूरवाल्याने गाडी, गाइड, तिकिटं धरून १६० डॉलर सांगितले. "सगळं आलं ना यात?" मी दोनदा विचारलं. "ऑल, ऑल." ह्यांनी पैसे मोजून दिले. पावती मागायचं कुणालाच सुचलं नाही.

सकाळी आला तो ड्रायव्हरही तोच आणि गाइडही तोच. माणूस इतका गोड, की पाण्याची बाटली उघडून हातात द्यायचा. दोनशे किलोमीटरहून जास्त रस्ता तुडवून पायथ्याच्या तिकीटघराशी पोचलो. तिकिटाला पासपोर्ट लागतो, हे खरं. "उन्हात कशाला उतरता, एसीत बसा," म्हणत चारही पासपोर्ट घेऊन तो एकटाच गेला, आणि परत आला तो तोंड पाडून. पुढचा चढ फार उभा आहे, आपली गाडी चालणार नाही, तिथला पिकअप ट्रक करावा लागतो. हेही खरं. भाडं माणशी २५ डॉलर. हे मात्र खोटं. पण दोन खऱ्या गोष्टींमागून आलेली तिसरी कोण तपासतं? आम्ही शंभर डॉलर काढून दिले.

देऊळ मात्र काय सांगू! एकामागून एक गोपुरं, चढत जाणारी आठशे मीटरची वाट, दगडी नागांचे कठडे, आणि शेवटी थेट कडा, खाली कंबोडियाचं सपाट रान. एका दारावर समुद्रमंथन कोरलंय. आमचे गाइड "व्हेरी ओल्ड, फोटो, फोटो" एवढंच बोलले. वासुकी कुठला आणि कासव कुठलं, ते मेहुण्यांनीच त्यांना दाखवलं.

तिथेच सावलीत सिंगापूरचं एक तमिळ कुटुंब बसलं होतं. बोलता बोलता ट्रकचा विषय निघाला. सहा जणांचे मिळून २५ दिले, म्हणाले. म्हणजे आमचे ७५ डॉलर, सहा हजार रुपयांच्या वर, गेले.

बहीण तिथल्या तिथे भांडायला निघाली. मी तिचा दंड धरला. पासपोर्ट अजून त्याच्याच कमरेच्या पाऊचमध्ये होते, आणि परतीचा सगळा रस्ता त्याच्याच गाडीने. सिएम रीपपर्यंत चौघंही गप्प. उतरताना आधी पासपोर्ट मागून घेतले, मग पैशांचं विचारलं. "ट्रकवाल्याने मागितले, मी काय करणार?" म्हणाला आणि गाडी काढली. दुसऱ्या दिवशी टूरवाला म्हणे, तो ड्रायव्हर आमचा नाहीच.

जुलै २०२५ मध्ये त्या सीमेवर लढाई झाली, त्यामुळे मुळात तिथे जाता येतंय का, ते आधी बघा. गेलातच तर तिकिटाच्या खिडकीपर्यंत स्वतः चालत जा, पासपोर्ट आपल्याच हातात ठेवून. दरांचा फलक बाहेरच लावला होता. आम्हाला तो रात्री हॉटेलवर दिसला: बहिणीने एसीत बसून काढलेल्या सेल्फीत, काचेपलीकडे. झूम केलं की २५ नीट वाचता येतं.