नवा साधा लॅपटॉप की जुना जीटीएक्सवाला? जुन्या गेम्सचा हिशोब

पुण्याच्या सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरांचा नेहमीचा प्रश्न: अभ्यासासाठी नवा साधा लॅपटॉप घ्यायचा, की गेमिंगसाठीचं वेगळं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५० असलेला सेकंडहँड?

गेम्स २००५च्या आसपासचे असतील, म्हणजे जीटीए सॅन अँड्रियास किंवा नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड, तर साधा लॅपटॉप बिनधास्त घ्या. प्रोसेसरमध्येच असलेलं (इंटिग्रेटेड) ग्राफिक्स, म्हणजे इंटेलचं आयरिस एक्सई किंवा एएमडी रायझनमधलं व्हेगा, हे गेम्स आरामात चालवतं. १९९९चा एज ऑफ एम्पायर्स २ तर विचारूच नका.

खरी मेख रॅममध्ये आहे. इंटिग्रेटेड ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच वाटा घेतं. एकच रॅम स्टिक असेल तर डेटाची वाट निम्मी होते आणि गेम अडखळतो. आयरिस एक्सई तर अशा वेळी विंडोजमध्ये नुसतं 'यूएचडी ग्राफिक्स' म्हणून दिसतं! दुकानातच टास्क मॅनेजर उघडून मेमरीखाली 'स्लॉट्स यूज्ड' बघा. एक स्लॉट रिकामा असेल तर दुसरी स्टिक टाकून घ्या. या पैशाचं चीज होतं.

जीटीए ५ किंवा विचर ३ (दोन्ही पीसीवर २०१५चे) हवे असतील तर मात्र जीटीएक्स १६५०च. त्याला स्वतःची ४ जीबी मेमरी असते. पण वजन जास्त, बॅटरी थकलेली, आणि लायब्ररीत पंख्याचा आवाज. घेण्याआधी अर्धा तास गेम चालवून तापतो किती ते बघा, बिजागऱ्या हलवून बघा.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असाल तर माझं मत नव्यालाच, १६ जीबी रॅमसह.